सिरम, टॉवेल आणि फवारणीचं स्टिकर: सगळं सिलिकॉनच का?

कवडसा
नमस्कार मंडळी. आर्वी तालुक्यातल्या एका गावात माझं पार्लर आहे. त्याच खोलीच्या पुढच्या भागात टॉवेल, चादरी, गाऊन असा माल ठेवते. लग्नसराई तोंडावर आली म्हणून आताच विचारून घेते.

पार्लरमध्ये येणाऱ्या पोरी हल्ली सिरमची बाटली उलटी करून मागचं वाचतात आणि "यात सिलिकॉन आहे, केस गळतात" म्हणून परत ठेवतात. त्याच पोरी किराणा दुकानातून शाम्पूच्या पुड्यांची माळच्या माळ घेऊन जातात. एका पुडीवरचं बारीक अक्षर मोबाइलवर मोठं करून पाहिलं. त्यातही डायमेथिकोनॉल, म्हणजे सिलिकॉनच, आहे.

दुसरं, यंदा एका व्यापाऱ्याकडून आणलेले टॉवेल. हाताला इतके मऊ की बाया बघताक्षणी घेतात, आणि आठवड्यात परत घेऊन येतात, "ताई, हा पाणीच पीत नाही." कोणी तरी म्हणालं, यालाही सिलिकॉनच लावलेलं असतं.

आणि तिसरं. माझा दीर पऱ्हाटीवर फवारताना पंपात सिलिकॉनचं स्टिकर (औषध पानावर पसरावं म्हणून घालायचं द्रव) टाकतो. जाऊ म्हणते, "ते पण सिलिकॉन, सिरम पण सिलिकॉन. मग त्यातले चार थेंब खोबरेल तेलात घालून लावले तर काय बिघडलं? बाटली घरातच आहे." मी नको म्हटलं, पण का नको ते धड सांगता आलं नाही. ती नुसत्या 'नको'ने ऐकणाऱ्यातली नाही.

बोरवेल
जाऊबाईंचा मुद्दा बिनतोड आहे. याच न्यायाने दीर उद्या पंपात सिरम टाकतील. बाटलीचा भाव ऐकूनच बोंडअळी जीव सोडेल.

मोल
कवडसाताई, आधी जाऊबाईंचं. स्टिकर केसांना लावू देऊ नका. कारण सांगतो, पण त्यासाठी जरा मुळापासून यावं लागेल. (मी अमरावतीला बारावीला केमिस्ट्री शिकवतो, त्यामुळे लांबण लागली तर सांभाळून घ्या.)

सिलिकॉन हे मूलद्रव्य आणि ऑक्सिजन यांचे अणू आळीपाळीने जोडत गेलं की एक लांब, अतिशय लवचीक साखळी होते. बाटलीवरचं 'सिलिकॉन' म्हणजे ही साखळी, नुसतं मूलद्रव्य नव्हे. प्रत्येक सिलिकॉन अणूला दोन मिथाइल गट (एक कार्बन, तीन हायड्रोजन) लटकलेले. हा झाला साधा प्रकार, डायमेथिकोन. कच्चा माल म्हणाल तर गारगोटीची वाळू. वाळूतून काढलेल्या सिलिकॉनच्या भुकटीवर तांब्याचा उत्प्रेरक घालून साधारण ३०० अंशाला मिथाइल क्लोराइड सोडायचं, ही रीत १९४० मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये सापडली आणि तिथून हा सगळा धंदा उभा राहिला.

आता गंमत अशी की ही साखळी म्हणजे दारावरच्या तोरणाचा दोरा. दोरा तोच, पण त्याला आंब्याची पानं लावली तर एक तोरण, झेंडू ओवले तर दुसरं. काही मिथाइल गट काढून तिथे दुसरं काही जोडलं की तेच सिलिकॉन वेगळं वागतं. अमिनो गट जोडला की ते केसाला किंवा कापडाला धरून बसतं. पॉलिइथर जोडला की पाण्यात विरघळतं. फिनाइल गट (फरशी पुसायचं फिनाइल नव्हे) जोडला की चकाकी वाढते. लांब स्निग्ध साखळी जोडली की मेणासारखं घट्ट होतं आणि क्रीममध्ये जातं. म्हणून 'सिलिकॉन चांगलं की वाईट' या प्रश्नाला उत्तर नाही. कोणतं सिलिकॉन, ते विचारायचं.

दिरांच्या बाटलीत बहुधा ट्रायसिलोक्सेन असणार. त्यात लांब साखळी नसते, सिलिकॉनचे जेमतेम तीन अणू आणि त्याला पॉलिइथर जोडलेला. एवढासा रेणू पाण्याचा पृष्ठताण ७२ वरून २० ते २२ मिलिन्यूटन प्रति मीटरपर्यंत उतरवतो. त्यामुळे पानावर गोल बसणारा थेंब क्षणात पसरून पातळ पापुद्रा होतो. पानासाठी हे उत्तम. पण डोळ्यात गेलं तर जबर जळजळ, तुषार छातीत गेले तर अपाय. शिवाय ती बाटली, तिचं झाकण, ते माप, सगळं कीटकनाशकांच्या शेजारी नांदलेलं. आणि एवढं करून केस मऊ होणारच नाहीत, कारण हे पहिल्या तांब्यातच वाहून जातं. जाऊबाईंना हे शेवटचं कारण आधी सांगा. धोक्यापेक्षा 'उपयोगच नाही' हे लवकर पटतं.

कवडसा
सर, शेवटचं कारण सांगितलं. "मग जाऊ दे" म्हणाली आणि विषय संपला.

पण मग सिरम आणि कंडिशनरमधलं केसाला धरून कसं बसतं? आणि पोरी म्हणतात तसा थर साचतो का?

मोल
सिरम आधी, ते सोपं आहे. बहुतेक सिरममध्ये डी५ म्हणजे सायक्लोपेंटासिलोक्सेन असतं आणि त्यात थोडं जाड डायमेथिकोनॉल विरघळवलेलं. डी५ उडून जातं, जाड भाग केसावर पातळ पसरून राहतो. गुंता सुटतो, चमक येते. डिसेंबरात खोबरेल बाटलीत थिजतं आणि सिरम थिजत नाही, ते या साखळीच्या लवचीकपणामुळेच. कडाक्याच्या थंडीतही ती ताठरत नाही.

कंडिशनरमधलं अमोडायमेथिकोन जास्त हुशार. केसाच्या खवल्यांवर निसर्गाने एक स्निग्ध थर बांधून दिलेला असतो. ब्लीच, हेअर कलर, स्ट्रेटनिंग यांनी तो निघतो आणि खालचा पृष्ठभाग उघडा पडतो. या उघड्या जागी ऋण प्रभार जास्त. कंडिशनर थोडा आंबट ठेवलेला असतो, पीएच ४ ते ५. तेवढ्यात अमिनो गटांवर धन प्रभार येतो. विरुद्ध प्रभार एकमेकांना ओढतात, हे बारावीचं पोरगंही सांगेल. म्हणून ते जिथे केस जास्त खराब झालाय, म्हणजे शेंड्याकडे, तिथे जास्त बसतं आणि मुळाशी निरोगी केसावर कमी.

तुमच्या पुडीवर आणखी एक नाव असेल बघा, ग्वार हायड्रॉक्सीप्रोपिलट्रायमोनियम क्लोराइड. नावाला भिऊ नका, गवारीच्या बियांचा डिंक आहे, त्यावर धन प्रभार चढवलेला. शाम्पू केसावर असेपर्यंत तो गप्प असतो. आपण डोक्यावर पाणी ओतलं, फेस पातळ झाला, की हा डिंक बाहेर पडतो आणि सिलिकॉनचे बारीक थेंब सोबत घेऊन केसावर बसतो. एका रुपयाच्या पुडीत एवढी कारागिरी आहे.

थर साचतो का? रोज सिरम चोपडलं आणि सौम्य शाम्पूने धुतलं तर केस जड, चिपचिपे वाटू शकतात. नेहमीच्या फेसाळ शाम्पूने साधं डायमेथिकोन बरंचसं निघतं. नावाच्या आधी 'पीईजी' असेल तर पाण्यानेही जातं. बारीक, विरळ केसांच्या बाईला सिरम कमीच द्या. जाड, कोरड्या, रंगवलेल्या केसांना चालतं.

फिनिशिंग_खातं
टॉवेलचा प्रश्न मागे पडला म्हणून लिहितो. हिंगणघाटला गिरणीच्या प्रोसेस हाउसमध्ये नोकरी झाली, आता घरीच असतो.

ताई, कापसावर निसर्गाचंच मेण असतं, वजनाच्या अर्धा-एक टक्का. जिनिंगमधून आलेला कापूस बादलीत टाका, तरंगत राहील. मेडिकलमधला कापूस टाका, बुडेल. फरक त्या मेणाचा. रंग नीट लागावा म्हणून आम्ही कापड कॉस्टिकमध्ये उकळून हे मेण काढून टाकतो. मग कापड पाणी प्यायला लागतं, पण हाताला राठ होतं. शेवटी फिनिशिंगला आलं की सॉफ्टनर लावून गेलेला मऊपणा परत द्यायचा. सरकारी नोकरासारखं एका खात्याने खणायचं, दुसऱ्याने बुजवायचं.

पूर्वी मेणाचे, चरबीचे सॉफ्टनर होते. नंतर अमिनो सिलिकॉन आलं आणि बाकीचे मागे पडले. दुधाळ इमल्शन टाकीत, कापड त्यातून मँगलच्या रोलरमध्ये पिळून पुढे स्टेंटरवर वाळायला. अमिनो गट सुताला धरतात, मिथाइल गट बाहेर तोंड करून राहतात. एका तंतूवरून दुसरा तंतू अलगद घसरतो, आपण त्यालाच मऊ म्हणतो. पण बाहेर तोंड केलेले हे मिथाइल पाण्याला जवळ येऊ देत नाहीत. शर्टाला, साडीला ते चालून जातं. टॉवेलला चालत नाही.

टॉवेलसाठी वेगळा माल येतो, हायड्रोफिलिक सिलिकॉन. मोल सर म्हणतात तेच, अमिनोसोबत त्यात पॉलिइथरही ओवलेला. पाणी पितो, पण महाग पडतो आणि हाताला अंमळ कमी मऊ लागतो. कारखानदार स्वस्तातला साधा माल मारून मोकळा होतो, कारण टॉवेल काउंटरवर हात फिरवून विकला जातो, अंघोळ करून नाही.

अजून एक. पांढरे टॉवेल घेताना उजेडात पाहा. अमाइन व्हॅल्यू (अमिनो गटांचं प्रमाण) जास्त असलेला, म्हणजे ०.६ च्या घरातला माल वापरला की मऊपणा सुरेख येतो, पण स्टेंटरच्या उष्णतेत पांढऱ्यावर पिवळट झाक मारते. आम्ही पांढऱ्याला ०.३ च्या आसपासचाच घ्यायचो. आणि कापडात आधीचा कॉस्टिक नीट धुतला गेला नसेल तर इमल्शन टाकीतच फुटायचं. रोलरवर चिकट थर, कापडावर तेलकट ठिपके, आणि ते ठिपके काही केल्या निघत नाहीत. त्या पाळीला सगळ्यांची तोंडं बघण्यासारखी व्हायची.

कवडसा
काका, आता दुकानात पडलेल्या मालाचं काय करू?

फिनिशिंग_खातं
गरम पाण्यात धुण्याचा सोडा आणि पावडर घालून भिजवा, नंतर चोळून भरपूर पाण्यात खळबळा. असं दोन-तीनदा केलं की सुधारतो, पूर्ण नाही. कम्फर्टसारखं काही शेवटच्या पाण्यात घालू नका, ते पुन्हा वरून स्निग्ध थर देतं. व्यापाऱ्याकडे जाल तेव्हा बोटाने पाण्याचा एक थेंब टॉवेलवर ठेवा. काही सेकंदांत जिरला तर घ्या. मोत्यागत बसून राहिला तर भाव कितीही पाडला तरी घेऊ नका. तो तुमच्याकडे रागाने बघेल, बघू द्या.

धुऱ्यावरून
मी राळेगावकडचा. वाचून रायलो होतो, स्टिकरचा इषय निघाला म्हनून लिवतो.

स्टिकर आमी वापरतो, खोटं कायले बोलू. सोयाबीनच्या पानावर लव असते, थेंब वरच्या वर अडकून रायते. स्टिकर टाकलं का पसरते. पण लोकं डब्यावरचं माप पाहातच नाईत. पंपाले पाच मिली लिवलं असन तं झाकन भरून भरून टाकून रायले. जास्त टाकलं का औषध पानावर थांबतच नाई, ओघळून खाली जाते. पैसा मातीत.

अन् दुसरी गोष्ट मोल सरले इचारतो. ज्याच्यानं औषध पानावर असं पसरते, त्याच्यानं ते आपल्या सदऱ्यात अन् कातडीत नाई मुरत का? २०१७ साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारनीच्या इषबाधेनं वीसच्या वर मानसं गेली. तवा पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, फवारा अंगावरच येत होता. तवा स्टिकरमुळंच झालं असं मी म्हनत नाई. पण भिजला सदरा तसाच अंगावर ठेवून दिवसभर फवारनारे अजूनबी हायेत.

मोल
भाऊ, शंका रास्त आहे. पृष्ठताण इतका उतरला की पाणी सुती कापडात लगेच शिरतं, हे नक्की. भिजलेला सदरा म्हणजे औषधाची पट्टी अंगाला बांधल्यासारखंच. म्हणून स्टिकर टाकलेलं असेल तेव्हा तर सदरा भिजला की तिथल्या तिथे बदलायचा, अंग साबणाने धुवायचं, आणि वाऱ्याच्या तोंडावर फवारायचंच नाही. डोळ्याला चष्मा हवाच.

एक कामाची गोष्ट. ट्रायसिलोक्सेन फार आंबट किंवा फार अल्कधर्मी पाणी सहन करत नाही, पीएच ६ ते ८ च्या बाहेर ते हळूहळू तुटत जातं. आपल्याकडे बऱ्याच विहिरींचं पाणी ८ च्या वर असतं. कालवलेलं द्रावण रात्रभर ठेवून सकाळी मारलं तर स्टिकरचे पैसे वाया. आणि फुलोऱ्यात सकाळी मधमाश्या असताना टाळा. अशी द्रव्यं दिल्यावर त्यांची वास ओळखून शिकण्याची ताकद कमी होते, असं प्रयोगात दिसलं आहे.

जवस
एवढं सगळं वाचून माझा प्रश्न एकच. आपल्या आज्या काय सिलिकॉन लावत होत्या? शिकेकाई, रिठा, वरून जवसाचं जेल. दोन चमचे जवस पेलाभर पाण्यात उकळा, अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी तार सुटली की गरम असतानाच फडक्यातून गाळा. गार झालं की गाळलं जात नाही, हात भरतात नुसते. केस असे बसतात की लग्नात अंबाडा दिवसभर हलत नाही. जवस आपल्या वावरात, पैसा आपल्या घरात.

बोरवेल
आज्यांचे फोटो आहेत माझ्याकडे. सगळ्यांनी डोक्यावर पदर घेतलाय, केसांचा पुरावा शून्य.

मोल
जवसताईंच्या जेलला माझा पाठिंबा आहे. जवसाच्या टरफलातला तो बुळबुळीत डिंक केसावर पापुद्रा धरतो, केस जागेवर बसवतो, पाण्याने धुतला जातो. दोन दिवसांत आंबतो तेवढं सांभाळा. फक्त जवसाचं तेल केसांना लावू नका. ते हवेत सुकून चिकट होतं, रंगवाले ते त्यासाठीच वापरतात.

शिकेकाईतही तथ्य आहे. बोअरच्या जड पाण्यात साबणाने डोकं धुतलं की पाण्यातल्या चुन्याशी त्याचा चिकट साका होतो आणि तो केसावर बसतो. वर साबण अल्कधर्मी, खवले उघडतात. शिकेकाईचा काढा आंबट असतो आणि त्याचा साका होत नाही. आज्यांचे केस चांगले राहण्यात याचा वाटा असणार. पण पार्लरमध्ये ब्लीच करून आलेल्या पोरीच्या केसातून विंचरताना फणी फिरवायची, तर तिथे अमोडायमेथिकोनसारखं काम जेल करत नाही. जेल वाळलं की कडक होतं, घसरण देत नाही.

जवस
आमच्याकडे ब्लीच करून येणाऱ्या पोरी कमी आणि अंगाच्या साबणानेच डोकं धुणाऱ्या जास्त. पण बरं, मान्य.

शेगावकडचा
केस गळण्यावरून एक आठवण देतो. २०२५ च्या सुरुवातीला आमच्या शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस हातात यायला लागले, काहींना टक्कलच पडलं. पाणी, बुरशी, शाम्पू असे सगळे तर्क लढवून झाले. कोणी शाम्पूच्या बाटल्या फेकल्या. पुढे डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. डोक्याला काय लावलं यापेक्षा पोटात काय गेलं, हा प्रश्न आधी विचारायचा असतो. बाहेरगावचे पाहुणे अजून आमच्या डोक्याकडे बघतच जेवतात, ती गोष्ट वेगळी.

निंबोळी
मी आशा सेविका आहे, त्यामुळे यावर बोलतेच. केसाचा जो भाग बाहेर दिसतो तो मेलेला असतो. सिलिकॉन त्याच्यावर बसतं, मुळाशी त्याचं काही काम नाही. गळतात म्हणून येणाऱ्या बायांना मी आधी विचारते, बाळंत कधी झाली, दोन-तीन महिन्यांपूर्वी टायफॉइड, डेंग्यू झाला का, पाळीत अंगावर किती जातं. हिमोग्लोबिन करायला लावते. बऱ्याचदा तिथेच उत्तर सापडतं. थायरॉइडही बघावं. कवडसाताई, पार्लरमध्ये तुम्ही हे विचारलंत तर दवाखान्याआधी तुमच्याकडेच कळेल.

अजून एक, चुलीचं. सिरममधलं ते उडून जाणारं सिलिकॉन पेट घेऊ शकतं. डोकं भरून सिरम लावून लगेच चुलीपुढे बसू नये. उवा मारण्याच्या काही औषधांतही असलं सिलिकॉन असतं. ती लावलेले केस पेटून लोक भाजले, म्हणून ब्रिटनच्या औषध नियामकाने २०१८ मध्ये इशारा काढला होता. नवरीच्या मेकअपनंतर औक्षणाचं ताट केसांजवळ फिरतं, तेवढं ध्यानात ठेवा.

बोरवेल
आता गंभीर प्रश्न. एवढं निरुपद्रवी आहे तर युरोपात बंदी का? व्हॉट्सअ‍ॅपवर रोज येतं.

मोल
बंदी सगळ्या सिलिकॉनवर नाही. डी४, डी५ आणि डी६ या गोल रेणूंवर आहे. ते निसर्गात लवकर तुटत नाहीत आणि सजीवांच्या अंगात साठण्याची भीती आहे, म्हणून. धुऊन टाकायच्या वस्तूंमध्ये डी४, डी५ वर ०.१ टक्क्याची मर्यादा ३१ जानेवारी २०२० पासून लागू झाली. २०२४ च्या नियमाने डी६ आणि अंगावर ठेवायच्या वस्तूही त्यात घेतल्या, अंगावर ठेवायच्या वस्तूंना २०२७ पर्यंत मुदत दिली. म्हणजे पोरी ज्या बाटलीला नाकं मुरडतात त्या सिरममधल्या डी५ चा प्रश्न खरा आहे, पण तो नदी-नाल्यांचा आणि हवेचा. केस गळण्याचा नाही. अमोडायमेथिकोन, डायमेथिकोन यांवर ही बंदी नाही. मात्र तयार करताना राहिलेला डी४-डी५ चा अंश त्यांच्यातही असतो, तो कमी ठेवावा लागतो.

आणि पोटात गॅस झाला की आपण जी पांढरी औषधं घेतो त्यांतलं सिमेथिकोन म्हणजे डायमेथिकोनच, थोडी सिलिका घालून. फेस फोडतं आणि जसंच्या तसं बाहेर पडतं. व्हॉट्सअ‍ॅपवाल्या काकांना जेवणानंतर हे सांगा.

धुऱ्यावरून
थंडीत वेचनीच्या बायांची बोटं बोंडाच्या टोकानं फाटून जातात. त्याले हे सिलिकॉनचं क्रीम चालन का?

मोल
चालेल, डायमेथिकोनची क्रीम हात चिकट करत नाहीत, कापसाला डाग पडत नाही, दिवसा लावायला बरी. पण कातडीतलं पाणी धरून ठेवायला साधं व्हॅसलीन जास्त भारी आणि स्वस्त. रात्री ओल्या हातावर व्हॅसलीन चोळून जुने मोजे हातात घालून झोपायला सांगा. चिरेत पू झाला असेल तर आधी दवाखाना.

कवडसा
निंबोळीताई, उवांच्या औषधाचं लिहिलंत ते जरा खुलवून सांगा ना. शाळेतल्या पोरींच्या आया इथे रोज त्यासाठी येतात. त्या औषधाने लिखा पण मरतात का?

निंबोळी
चार टक्के डायमेथिकोनचं लोशन असतं. ते विष नाही, उवेभोवती थर धरून तिचा मार्ग बंद करतं. म्हणून नेहमीच्या औषधाला न जुमानणाऱ्या उवांवरही चालतं. लिखांवर खात्री नाही, त्यामुळे सात दिवसांनी पुन्हा लावायचं, तोपर्यंत राहिलेल्या लिखांतून पिल्लं बाहेर आलेली असतात. मेलेली लीख केसाला चिकटूनच राहते, ती बारीक दातांच्या फणीनेच ओढून काढावी लागते, ओल्या केसात, कंडिशनर लावून. आणि घरातल्या सगळ्यांची डोकी एकाच दिवशी बघा. आईचं धरून.